चारबोटेबाई

दरवर्षी शाळा सुरू झाली की महिन्याभरात एक तरी चिठ्ठी येते, 'आदरणीय चारबोटे मॅडम यांस'. लिहिणारा पालक नवा असतो, त्याचा दोष नाही. घरी मुलगी रोज 'चारबोटेबाई, चारबोटेबाई' म्हणून रडते, त्याला वाटतं आडनाव असेल. सातपुते असतात, दशपुत्रे असतात, मग चारबोटे का नसावेत? बाई चिठ्ठी वाचतात आणि घडी करून पर्समध्ये टाकतात. सुरुवातीला त्यांना राग यायचा, पुढं काही वर्षं हसू यायचं, आता दोन्ही येत नाही.

नाव पडलं ते नियमावरून. शाळेच्या नियमपुस्तकात मुलग्यांसाठी एक ओळ आहे, शर्ट आत खोचावा. मुलींसाठी दीड पान आहे. त्यात लिहिलंय, 'स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटे असावा.' कुणाची बोटं, ते लिहायचं राहून गेलं. सकाळी फाटकाशी पंधरा मिनिटांत अडीचशे मुली आत घ्यायच्या असतात, टेप लावत बसलं तर तिथंच मधली सुट्टी व्हायची. म्हणून बाई वाकतात, उजवा पंजा आडवा करून मुलीच्या गुडघ्याखाली टेकवतात. कड बोटांच्या खाली गेली तर 'चल', वरच राहिली तर 'परत'. परत म्हणजे घरी, आणि हजेरीपटावर त्या दिवशी फुली.

बाई मुळात शिवणाच्या. वीस-बावीस वर्षं त्यांनी मुलींना काजं, तुरपाई आणि कळ्यांचे झगे शिकवले. कापडातलं कळतं तर फाटकावर तुम्हीच उभ्या राहा, असं कुणीतरी म्हणालं आणि ते काम कायमचं गळ्यात पडलं. पाच वर्षांपूर्वी शिवणाचा तास बंद झाला, यंत्रं खोळी घालून जिन्याखाली गेली, फाटक तेवढं राहिलं. पण हाताचा अभिमान होता. "टेप सैल पडेल, माझा हात नाही पडायचा," असं त्या शिक्षकांच्या खोलीत सांगत. "माझी चार बोटं म्हणजे बरोब्बर तीन इंच." आणि खरंच, त्यांच्या मापावर कुणाला बोट ठेवायला जागा नसे. मुली पाठीमागे त्यांच्या नावानं बोटं मोडत, ती गोष्ट वेगळी.

आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सकाळी अडीचशे वेळा वाकायचं म्हणजे गंमत नव्हे. फुल्या अलीकडे वाढल्या होत्या, पण त्याचं कारण सगळ्या शिक्षकांनी मिळून केव्हाच शोधून काढलं होतं, की हल्लीच्या मुली भराभर वाढतात. कुणी ते दुधावर ढकललं, कुणी बसून बसून टीव्ही बघण्यावर. बाईंनीही मान डोलावली होती.

त्या मंगळवारी रांगेत शिडी आली. शेवटच्या वर्गातली ही उंच, हडकुळी पोर. तिला सगळे शिडीच म्हणत, आणि तिनंही ते नाव बिनतक्रार घेतलं होतं. बाईंनी हात टेकवला. कड बोटाच्या वर, जेमतेम अर्धा इंच.

"परत."

शिडी हलली नाही. "बाई, आज परत गेले तर माझी हजेरी भरत नाही. मोजलीय मी. परीक्षेला बसू देणार नाहीत."

"मग कालच खालची दुमड सोडून यायचं होतं."

"दुमड शिल्लकच नाही, बाई. तुम्हीच सोडली होती सगळी. हा ताईचा स्कर्ट आहे."

बाईंनी कड उलटी केली. आतून तुरपाई होती, आणि दर पाचव्या टाक्याला एक उलटा टाका. ही सवय त्यांचीच. घाईत धागा तुटला तरी सगळी कड उसवू नये म्हणून त्या असा टाका घालत, आणि वर्गात कितीदा सांगूनही एका मुलीनं तो कधी उचलला नव्हता. आपलं अक्षर ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला. सहा वर्षांपूर्वी शिवणाच्या तासाला याच मुलीच्या बहिणीला टेबलावर उभं करून, चार बोटं मोजून, त्यांनी हा स्कर्ट लांब केला होता.

"तू ताईपेक्षा उंच आहेस," बाई म्हणाल्या.

"नाही. घरी चौकटीवर खुणा आहेत दोघींच्या. एकाच रेघेवर आहोत."

"मग आटला असेल."

हे बोलताना बाईंनाच ओशाळल्यासारखं झालं. टेरिकॉट आटत नाही, हे त्यांनीच मुलींना पहिल्या धड्यात शिकवलं होतं. मागे रांग वाढत होती, पहारेकरी घड्याळाकडे बघत होता, एक आई स्कूटरवरून हॉर्न वाजवत होती. आणि वीस वर्षं जे तोंडातून आपोआप निघत आलं होतं, तेच निघालं.

"परत म्हटलं ना. चल, बाजूला हो."

शिडीनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. रडणाऱ्या मुलींची त्यांना सवय होती.

दिवसभर तो उलटा टाका डोळ्यांपुढून हलेना. कापड तेच, टाका तोच, उंची तीच. मग बदललं काय? संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चहा टाकायला साखरेचा डबा काढला आणि नेहमीप्रमाणे नवऱ्यापुढे धरला. त्यानं झाकण फिरवून दिलं.

"अहो, हे झाकण तुम्ही कधीपासून उघडताय?"

"कोण जाणे. चार वर्षं झाली असतील. का गं?"

"मला का नाही उघडत?"

"हात बघ की स्वतःचे," नवरा सहज म्हणाला. "सांधे केवढे सुजलेत. अंगठी कापून नाही का काढली तुझी सोनाराकडून? तेव्हाच म्हटलं होतं डॉक्टरला दाखव, तर म्हणालीस, अंगठीच लहान झालीय."

बाई उठल्या. कपाटातून टेप काढली, उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवला आणि चार बोटं जवळ आणायचा प्रयत्न केला. ती जवळ येईनात. सांध्यासांध्यांत फटी राहत होत्या. टेप आडवी धरली. साडेतीन इंच, वर एक सूत. त्यांनी पुन्हा मोजलं. मग डाव्या हाताचं मोजलं. चहा उतू गेला तेव्हा नवऱ्यानं येऊन गॅस बंद केला.

मुली वाढल्याच नव्हत्या. बाईंचा हात वाढला होता. दरवर्षी एकेक सूत, आणि त्याबरोबर शाळेचा नियमही मुकाट्यानं खाली सरकत गेला होता. त्यांना एकेक चेहरा आठवू लागला. शिडीची ताई तर नीटच आठवली. दुमड सोडल्यावर दोन वर्षं उलटून ती शेवटच्या वर्गात गेली आणि एकदम फुल्या खाऊ लागली. "मी वाढले नाहीये, बाई," असं ती रोज सांगायची. बाई म्हणाल्या होत्या, "खत घालून घेतेस की काय गं? किती वाढशील?" रांग खो खो हसली होती. त्या वर्षी तिची हजेरी भरली नाही. परीक्षेला बसली नाही, आणि पुढच्या वर्षी शाळेत आलीच नाही. औषधांच्या गोदामात खोकी भरायला लागल्याचं नंतर कानावर आलं. बाईंना त्या संध्याकाळी स्वतःची लाज वाटली, इतकी की नवऱ्यालाही काही सांगता येईना.

सकाळी त्या फाटकाकडे न जाता मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिकेला सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणते, वयानं त्या चारबोटेबाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मुलगी परीक्षेला मुकेल. तिचा काही दोष नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. वाईट नव्हत्या त्या, दमलेल्या होत्या. टेबलावर गळक्या टाकीची तक्रार होती, दोन शिक्षकांचे रजेचे अर्ज होते, त्यात आता हे. "लेखी द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "मापात माझी चूक झाली, असं स्पष्ट. ते तुमच्या सेवापुस्तकात लागेल, तेही सांगून ठेवते. घरच्या कुणाची तरी सही आणायला सांगा, म्हणजे कालची फुली काढता येईल. फक्त कालची, आणि फक्त हिची."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या गेल्या, बाई. गेलेल्यांना परत बोलवायचा फॉर्म नाही आपल्याकडे."

बाईंनी अर्ज लिहिला. पेन बोटांत धरवत नव्हतं, एरवी चार ओळींचा मजकूर पाच मिनिटांत झाला असता, त्याला अर्धा तास लागला. शिडीला निरोप पाठवला. दोन दिवस फाटकावर त्यांनी लाकडी पट्टी वापरली. रांग रस्त्यापर्यंत गेली, पण एकही मुलगी परत गेली नाही. पहारेकरी म्हणाला, "काय बाई, एकाच रात्रीत सगळ्या पोरी बुटक्या झाल्या की काय?"

शुक्रवारी शिडी सही करायला ताईला घेऊन आली. आई सकाळच्या पाळीला होती. ताईच्या अंगावर गोदामातला निळा कोट होता, कामावरून तासभराची सवलत घेऊन आली होती. दोघी मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या, आणि बाईंची नजर आपोआप उंचीवर गेली. धाकटी थोरलीपेक्षा चांगली तीन बोटं उंच होती.

मोठ्या बाईंनाही ते दिसलं. चष्म्यावरून त्यांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "काय गं, तू तर बाईंना म्हणाली होतीस दोघी सारख्या उंचीच्या?" त्या शिडीला म्हणाल्या, आणि मग चारबोटेबाईंकडे वळल्या. "म्हणजे ही वाढलीच की, बाई. तुमचं काही चुकलेलं नाही. हा अर्ज घ्या परत, उगाच कशाला?"

बाईंना हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. केवळ क्षणभर, पण अंगभर हायसं वाटलं. मुलगी खोटं बोलली असेल. हात थोडा सुजला असेल, पण एवढा नाही. थोरलीच्या वेळी तो बरोबरच असेल, ती खरंच वाढत असेल, आणि खताचा विनोद हा निव्वळ विनोदच असेल. अर्ज टेबलावर होता. त्यांचा हात त्याच्याकडे गेला.

"मी खोटं नाही बोलले," शिडी म्हणाली. "ताई, सरळ उभी राहा ना."

"उभीच आहे की," ताई म्हणाली.

"नाही. सरळ."

ताईनं खांदे मागे घेतले. मान वर आली, पाठ उलगडली, त्याला थोडा वेळ लागला. आता दोघींचे डोळे एका रेषेत होते.

"पाठीला काही झालंय का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. सवय राहिलीय." ताईच्या आवाजात राग नव्हता, कामाला उशीर होत असल्याची घाई तेवढी होती. "पुढे वाकलं की स्कर्ट समोरून खाली यायचा, तुमच्या बोटापर्यंत. शेवटचं वर्षभर तशीच चालायचे, घरापासून फाटकापर्यंत. कधीकधी चालून जायचं." तिनं टेबलावरचं पेन उचललं. "सही कुठं करू?"

मोठ्या बाईंनी जागा दाखवली. बाईंनी अर्जावरचा हात काढून घेतला आणि कागद ताईपुढे सरकवला. त्यांना म्हणायचं होतं, माझं चुकलं, पोरी. ओठांपर्यंत आलेलं ते शेवटी कसंबसं बाहेर पडलं.

"हं," ताई म्हणाली. तिनं सही केली, बहिणीच्या डोक्यावर हलकी टप्पल मारली, "अभ्यास कर आता," असं बजावलं आणि ती निघाली. मोठ्या बाईंनी हजेरीपट ओढून मंगळवारची फुली खोडली. बाई खिडकीशी गेल्या. ताई फाटकाच्या दिशेनं भरभर चालत होती, आणि फाटक जवळ आलं तशी तिची पाठ पुन्हा पुढे वाकली.