घटनाकाकांचे शेषाधिकार

लोकांच्या खिशात कंगवा असतो, नाहीतर गोळ्यांची पट्टी. घटनाकाकांच्या कोटाच्या आतल्या खिशात जर्मनीची राज्यघटना असायची. सरकारी कचेरीत फुकट मिळणारं ते चिमुकलं पुस्तक त्यांनी एस-बानच्या लोकलमध्ये उभ्याने वाचून वाचून पोथीसारखं मऊ केलं होतं. आम्ही फ्रँकफर्टमध्ये नवे होतो. पहिल्याच भेटीत, चहाचा कप माझ्या हातात देता देता त्यांनी विचारलं, "बुंडेसराट म्हणजे काय, माहीत आहे का?" मी भाबडेपणाने नाही म्हटलं. मग राज्यांच्या त्या सभागृहाची माहिती संपेपर्यंत चहा गार झाला आणि काकूंनी तो निमूटपणे पुन्हा गरम करून आणला. घरात कप दोन, पण प्रत्येक पाहुण्यामागे चहा दोनदा, हा त्यांच्याकडचा रिवाजच होता.

नोकरीने काका ब्रेकचे इंजिनिअर. "गाडी पळवणारे चिक्कार मिळतात हो," ते म्हणायचे, "ब्रेक कोणाच्या पायाखाली आहे ते सांगा." विषय भारतातल्या निवडणुकांचा असो की कोणाच्या घरातल्या सासूचा, काका तिथेच येऊन थांबत. आमच्या मराठी मंडळात तेव्हा ब्रेक कोणाच्याच पायाखाली नव्हता. कार्यक्रमाची तारीख, जेवणाचा बेत, नाटकातली नायिका, सगळं एक गृहस्थ ठरवत. कोणी तक्रार करत नसे, कारण तक्रार करणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं. काकांनी केली. अर्थातच पुढचे अध्यक्ष काका झाले.

मंडळात जेमतेम साठ घरं आणि काकांनी लिहिलेली घटना सदतीस पानांची. फ्रँकफर्ट, माइन्झ आणि डार्मश्टाट ही तीन घटक राज्यं. सभागृहं दोन, एक सर्वांचं आणि एक राज्यांचं. हॉल आणि साफसफाई केंद्राकडे, स्वयंपाक राज्यांकडे. त्यामुळे डार्मश्टाटचे मोदक लिंबाएवढे आणि माइन्झचे नारळाएवढे यायचे, आणि केंद्राला त्यात तोंड घालता येत नसे. पहिलं कलम मात्र कधीही बदलता येणार नाही असं होतं: मंडळात आलेल्या कोणालाही नोकरी कुठे आणि व्हिसा कोणता, हे विचारायचं नाही. आम्ही पोट धरून हसलो होतो. हे दोन प्रश्न काढले तर आपल्या लोकांनी एकमेकांशी बोलायचं काय?

न्यायपालिका म्हणजे मी, एकटी. "तुला नाहीतरी प्रत्येक गोष्टीत काहीतरी खुपतं," काका म्हणाले, "ते वाया का घालवायचं?" नेमणूक झाली त्या क्षणापासून अगं वृंदाचं अहो न्यायमूर्ती झालं. एकदा त्यांनी दिवाळीचा कार्यक्रम कोणालाही न विचारता एक आठवडा पुढे ढकलला. माइन्झवाल्यांनी माझ्याकडे तक्रार केली आणि मी, कढी ढवळता ढवळता, फोनवरच अध्यक्षांचा निर्णय रद्द ठरवला. मला वाटलं, हसतील आणि सोडून देतील. छे. हा माणूस हॉलच्या हाउसमाइस्टरच्या, म्हणजे रखवालदाराच्या, हातापाया पडून जुनी तारीख परत घेऊन आला आणि मग आपण हरलो हे सांगायला घराघरांत फोन करत बसला. इतक्या आनंदाने हरणारा नवरा मिळायला हवा, असं मी काकूंना म्हटलं. "घरी नाही हरत," काकू म्हणाल्या.

मंदी आली त्या वर्षीचा गणेशोत्सव. मूर्ती आणणारं कुटुंब उन्हाळ्यात म्युनिकला गेलं होतं आणि मूर्ती कोणी आणायची हे सदतीस पानांत कुठेच नव्हतं. आम्ही सगळे शाळेत नागरिकशास्त्र घोकलेले. जे कुठल्याच सूचीत नाही ते केंद्राचं, शेषाधिकार केंद्राकडे, हे आम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. म्हणून तिन्ही राज्यं निर्धास्त. काकांची घटना मात्र जर्मन वळणाची. तिथे जे उरतं ते राज्यांचं. म्हणून केंद्रही निर्धास्त, कारण नुसतं विचारणं म्हणजेसुद्धा हस्तक्षेप झाला असता.

चतुर्थीच्या सकाळी मखर तयार, दिव्यांची माळ तयार, तीन आकारांचे मोदक तयार, आणि चौरंग रिकामा. एक छोटी मुलगी जर्मनमध्ये विचारत होती, गणपती कुठे आहे, आणि हॉलभर इंजिनिअर एकमेकांकडे बघत होते. शेवटी काकूंनी पर्समधून सुपारी काढून तांदळावर ठेवली आणि आम्ही आरती केली. काकांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत. हात जोडून त्या सुपारीकडे बघत उभे होते. हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं.

पुढच्या रविवारी सभा बोलावली गेली, अध्यक्षांना हटवण्यासाठी. त्याआधी गुरुवारी काका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. कंपनीने करार वाढवला नव्हता. व्हिसा नोकरीला बांधलेला, महिनाअखेर पुण्याला परतायचं होतं. पण त्यांच्याच घटनेप्रमाणे नवा अध्यक्ष निवडल्याशिवाय जुना हटत नाही आणि राजीनामा दिला तरी तोवर काम त्यानेच बघायचं.

"मग सगळ्यांना सांगा की खरं," मी म्हटलं.

"नको. दया येऊन कोणीतरी हो म्हणेल आणि दिवाळीपर्यंत सोडून देईल."

"मग निघून जा सरळ. कोण पोलीस येणार आहेत?"

"मीच मोडलं तर ती सदतीस पानं रद्दीच ना, वृंदा." कितीतरी वर्षांनी त्यांनी मला नावाने हाक मारली. "आयुष्यात एकच गोष्ट अशी केली, की ती माझ्याशिवाय चालावी. आणि तिला साधी मूर्ती आणता येत नाही."

मी चहा दोनदा केला.

सभेत डार्मश्टाटचे सहस्रबुद्धे सर्वांत जोरात होते. हटवलंच पाहिजे, असं ते तीनदा म्हणाले. "गेनाऊ," काका म्हणाले, "अगदी बरोबर. नव्या अध्यक्षाचं नाव सांगा." एकाचं सॉफ्टवेअर त्याच महिन्यात सुरू व्हायचं होतं, एकीचं बाळ लहान, सहस्रबुद्ध्यांची सासू पुण्याहून यायची होती. हटायला इतका उत्सुक अध्यक्ष बघूनही कोणी विचारलं नाही, काका, नोकरीचं काय? पहिल्या कलमाचं असं कडक पालन मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काका एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. माझ्याच्याने ते बघवेना. मी उठले. "मी उभी राहते."

"न्यायमूर्तींना उभं राहता येत नाही," काका म्हणाले.

"मग राजीनामा देते."

"लेखी."

ढोकळ्याच्या तेलाने माखलेल्या कागदी प्लेटच्या पाठीवर मी राजीनामा लिहिला. मग म्हणे न्यायपीठ रिकामं ठेवता येणार नाही. मी सहस्रबुद्ध्यांकडे बोट दाखवलं. काम शून्य आणि चुका काढायचा अधिकार पूर्ण, हे कळल्यावर त्यांनी सासूचा विचारही केला नाही. मतदान झालं. सगळी मतं मला आणि एक विरोधात. ते काकांचं. "न्यायालयातून थेट सत्तेत जाणं तत्त्वतः चूक आहे," असं म्हणून त्यांनी सर्वांत आधी माझं अभिनंदन केलं.

विमानतळावर त्यांनी ते पोथीसारखं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, वाचणार नाही. ते म्हणाले, माहीत आहे. मला त्यांची आठवण येते, रोज नाही, पण कोणी सभेत परस्पर काही ठरवलं की हमखास येते.

पुढच्या वर्षी मी शेषाधिकाराच्या कलमाला हात लावला नाही. त्याला दोन तृतीयांश मतं लागतात आणि माझ्याच्याने एक तृतीयांश माणसं वेळेवर जमत नाहीत. मूर्तीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. केंद्राने गप्प बसायचं असतं, आणि गप्प बसणं म्हणजे काय यातना असतात ते मला त्या महिन्यात कळलं. चतुर्थीला फ्रँकफर्टवाले शाडूची मूर्ती घेऊन आले. पाठोपाठ माइन्झवाले पितळेची घेऊन आले. मग सहस्रबुद्धे आले, सासूबाईंनी पुण्याहून विमानात मांडीवर धरून आणलेला गणपती घेऊन. चौरंगावर तिघांना जागा करताना नाकी नऊ आले.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला.

"तीन?" काका म्हणाले. "केंद्राने सांगितलं होतं?"

"शब्दही नाही."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग काकूंचा आवाज आला. "अगं, काय सांगितलंस त्यांना? डोळे पुसताहेत आणि म्हणताहेत, चालतंय, चालतंय."

"काही नाही काकू," मी म्हटलं, "गणपती आलेत."