साडेअकरापर्यंत अर्ध्यावर

कुठलाही झेंडा हातात आला की काका आधी त्याची दोरीकडची कड अंगठ्याने चाचपायचे, मग गोडाउनमधल्या लांब टेबलावर तो पसरायचे आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला विचारायचे, "वरची बाजू कुठली?" उत्तराची त्यांना गरज नसायची. पण समोरचा चुकला की त्यांना बरं वाटायचं.

मी पहिल्याच दिवशी चुकले. टेबलावर ब्रिटनचा झेंडा होता आणि काका त्याला इस्त्री करत होते.

"सगळीकडून सारखाच तर आहे," मी म्हणाले.

"तसंच वाटतं सगळ्यांना. हे बघ. खांबाकडच्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात, तिरप्या तांबड्या पट्टीच्या वर जाड पांढरी पट्टी पाहिजे. तिथे बारीक पांढरी आली की झेंडा उलटा. पूर्वी जहाजावर उलटा लावला की त्याचा अर्थ, आम्ही बुडतोय, वाचवा."

"मग बुडू दे. आपल्याला दीडशे वर्षं बुडवलं त्यांनी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. इस्त्री गरम आहे, जरा सरक."

मी पुण्याहून आले होते. कॉलेजची पाच वर्षं एका संघटनेची पत्रकं लिहिण्यात गेली होती. जाहीर निषेध, तीव्र धिक्कार, बहुसंख्येने उपस्थित राहा. मग घरची गरज उभी राहिली आणि मी दुबईच्या करामा भागातल्या एका कंपनीत चिकटले. मालक मराठी, काम हॉटेलांना आणि कार्यक्रमांना स्टेज, खुर्च्या, झेंडे पुरवण्याचं. क्लायंटचं मेल वाचून कामाचं शीट बनवायचं आणि ते साइटवरच्या माणसाला द्यायचं, ही माझी नोकरी. झेंड्यांसाठी साइटवरचा माणूस एकच, काका. मूळचे जुन्नरकडचे. दुबईत सव्वीस वर्षं, आणि कार्डावर हुद्दा अजून 'हेल्पर'.

ह्या हेल्परवरून मी भडकायचे. अख्ख्या शहरात ह्या माणसाइतकं झेंड्यांचं कोणाला कळत नाही आणि हा हेल्पर? मी त्यांच्यासाठी मालकाला द्यायचा अर्ज लिहून काढला, चांगला दीड पानी. काकांनी तो वाचला, "अक्षर छान आहे" म्हणाले आणि त्यात डांबरगोळ्या बांधून झेंड्यांच्या पेटीत ठेवल्या. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पुढारी' झाले. "काय पुढारी, आज कोणाचा धिक्कार?" हे रोजचंच.

मी विचारायचे, परक्यांच्या झेंड्यांचं एवढं सोवळं कशाला? त्यांचं उत्तर ठरलेलं. "झेंडा त्यांचा, दोरी आपली."

स्कॉटलंडचा झेंडा त्यांचा विशेष लाडका. निळ्यावर पांढरी फुली, बस. "हा गरीब आहे. वरचं खाली करून लावा, तरी सरळच. तो ब्रिटनचा भांडखोर." पण गरिबाचेही लाड होते. करामातल्या दुकानाने एकदा गडद निळा छापून दिला, तर काकांनी तो परत पाठवला. आभाळाचा निळा पाहिजे, शाळेच्या युनिफॉर्मचा नको. दुकानदार म्हणाला, हबीबी, कोण बघतंय? काका म्हणाले, मी.

एका क्लायंटला दुबईच्या मरीना भागातल्या हॉटेलवर पिवळ्यावर लाल सिंहाचा झेंडा हवा होता, तोही स्कॉटलंडचाच. काकांनी मान हलवली. "तो राजाचा स्वतःचा. मॅचला हातात घेऊन हलवा, कोणी विचारत नाही. खांबावर आपण लावायचा नाही."

"राजा येणार आहे का मरीनात बघायला?"

"तो नाही येणार. म्हणून तर आपण बघायचं."

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. ज्या गोष्टींना कोणी विचारत नाही, त्या नीट करणारे. आपण त्यांच्याकडे कौतुकाने बघतो आणि मनात म्हणतो, उगाच.

त्या वर्षी काकांना साठ वर्षं पूर्ण होत होती. जानेवारीत व्हिसा संपणार होता. मुलगी नाशिकला नर्सिंग शिकत होती, दोन वर्षं बाकी. त्यांना तेवढीच दोन वर्षं इथे हवी होती. मालक म्हणाले होते, नोव्हेंबर-डिसेंबरचा सीझन नीट काढा, मग रिन्यू करू. काकांनी हे मला एकदाच सांगितलं, चहा पिताना, आणि लगेच विषय बदलला.

तीस नोव्हेंबर हा स्कॉटलंडच्या संताचा दिवस. तिथल्या लोकांचा एक क्लब मरीनातल्या एका हॉटेलात जेवण ठेवणार होता. हॉटेलसमोर तीन खांब. मधे इथला, म्हणजे अमिरातीचा झेंडा, एका बाजूला ब्रिटनचा, आणि त्या दिवसापुरता दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडचा. क्लबच्या मॅनेजरने लिहिलं होतं: सकाळी नऊला फोटो, झेंडा पूर्ण उंचीवर. मी शीटमध्ये तसंच उतरवलं.

आदल्या दिवशी काका शीट घेऊन माझ्या टेबलाशी आले. "उद्या तीस तारीख. इथला शहीद दिवस. सकाळी आठ ते साडेअकरा ह्यांचा झेंडा अर्ध्यावर असतो. ह्यांचा अर्ध्यावर असताना पाहुण्याचा वर जात नाही. क्लायंटला आज कळव, फोटो साडेअकरानंतर ठेवा म्हणावं."

"कळवते," मी म्हणाले.

नाही कळवलं. विसरले असं म्हणता येईल, पण खरं ते नाही. मला ते सगळंच फालतू वाटत होतं. एका कापडाने दुसऱ्या कापडापेक्षा किती वर जायचं, ह्यावर मी मेल लिहायचं?

सकाळी मीही हॉटेलवर होते. आठ वाजता काकांनी अमिरातीचा झेंडा अर्ध्यावर आणला. मग बाकीचे दोन एकेक करून आधी थेट टोकापर्यंत नेले, क्षणभर थांबवले आणि सावकाश अर्ध्यावर उतरवले. असंच करायचं असतं, अर्ध्यावर थेट न्यायचा नसतो. नऊला मॅनेजर आला. मागे फोटोग्राफर आणि घागऱ्यासारखे चौकड्यांचे किल्ट घातलेले आठ-दहा जण.

"माझा झेंडा असा मधेच का लटकतोय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"सर, टुडे मार्टर्स डे. इलेव्हन थर्टी फुल."

मॅनेजरने फोनवर माझंच शीट उघडून दाखवलं. नऊ वाजता, पूर्ण उंची. "दोन मिनिटं वर घ्या. फोटो झाला की खाली."

"नो सर."

मॅनेजर माझ्याकडे वळला. त्याने आवाज चढवला नव्हता, उलट तो हसत होता. मी काकांजवळ गेले आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, "काका, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. घ्या ना वर. तुमचा जानेवारी आठवा."

काकांनी खांबाच्या खुंटीवरून दोरी सोडवली आणि माझ्यापुढे धरली. "तू घे वर. मी बाजूला होतो."

मी दोरी घेतली नाही. नियमाचा मान म्हणून नव्हे. कुठून पोलीस बघत असले तर, ह्या भीतीने. काकांनी दोरी परत गुंडाळली.

साडेअकराला सगळं हॉटेल एक मिनिट गप्प उभं राहिलं. मग आधी अमिरातीचा वर गेला, नंतर हे दोन. तोवर उन्हाने किल्टवाले अर्धे आत गेले होते. फोटो निघाला, पण लोक डोळे बारीक करून उभे.

दोन दिवसांनी मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर क्लायंटची तक्रार. मालक वाईट माणूस नाहीत, थकलेले असतात.

"नियम तुमचा बरोबर आहे हो," ते काकांना म्हणाले. "पण आदल्या दिवशी सांगायचं ना. सगळ्यांसमोर अडवणूक कशाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. माझं प्रोबेशन महिनाभराने संपणार होतं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"सॉरी सर," काका म्हणाले. खलास.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "काका, तुम्ही सांगायचं होतं, मला सांगितलं होतं म्हणून."

"तू होतीस की तिथे," ते म्हणाले आणि व्हॅनकडे गेले.

चार दिवसांनी मी मालकांना मेल लिहिलं. तीन ओळी. चूक माझी, त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी कळवलं नाही. आयुष्यात इतकं कमी लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. मालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, बरं केलंस सांगितलंस, पण क्लायंटला तो माणूस पुन्हा नको आहे, आणि वयही झालंय. रिन्यूचं बघू, इन्शाल्ला. इथे राहिलेल्यांना ह्या 'इन्शाल्ला'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जानेवारीत काका गेले. जाण्याआधी त्यांनी प्रत्येक झेंड्याच्या पिशवीवर चिठ्ठी शिवून ठेवली, देश आणि वरची बाजू. विमानतळावर मला म्हणाले, "चला पुढारी." मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "सामान घ्यायचं वीस मिनिटांत बंद होतं. बॅगेला हात लाव."

आता ते चाकणला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. बारा तासांची ड्युटी. मुलीचं एक वर्ष झालं, एक राहिलं.

गेल्या आठवड्यात त्याच क्लबची यंदाची ऑर्डर आली. मॅनेजर तोच. खाली ठळक अक्षरांत सूचना: तीस नोव्हेंबरला आमचा झेंडा साडेअकरापर्यंत अर्ध्यावरच ठेवावा, कृपया आपल्या माणसाला ह्या नियमाची नीट कल्पना द्यावी.

मी काकांना फोन केला आणि ते मेल मराठीत करून वाचून दाखवलं. मला वाटलं ते चिडतील. निदान हसतील.

"मग दे की कल्पना," ते म्हणाले. "माणूस कोण आहे आता?"

"कोणाला घेतलंच नाही काका. मीच जाते."

त्यांच्या मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"समुद्राकडच्या खांबाची कप्पी अडकते," ते म्हणाले. "झटका देऊ नकोस. जरा खाली सोड, मग ओढ. थांब, गाडी आली, गेट उघडायचंय."