पत्त्यातलं दुकान

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लग्न होऊन पोशीरला आले तेव्हा आठवड्याभरातच सासरी कळलं होतं. दूधवाला माप घालायला लागला की मी दुधाकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघायचे. पुढे किराणा दुकान माझ्या हाती आलं आणि या स्वभावाला हक्काचं कामच मिळालं. "हिला देवळात प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघंल," असं आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी ते कधी नाकारलेलं नाही.

खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून यांना एक खोड लागली. दुपारी जेवून आले की दुकानातल्या खुर्चीत बसायचं आणि मोबाइलवरच्या बातम्या मोठ्यानं वाचायच्या. ऐकणारी मी एकटीच. एका दुपारी यांनी वाचलं, की देशभर मोठमोठी दुकानं असलेल्या अमुक कंपनीचा तिमाही निकाल लागला, नफा वाढला, ऑनलाइन विक्री तर फारच वाढली, आणि ही वाढ शहरांपेक्षा लहान गावांतून जास्त झाली.

"लहान गावं म्हंजी कुठली?" मी विचारलं.

"ते नाय लिवलेलं."

"म्हंजी आपलंच."

हे हसले. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या कंपनीचं भलं मोठं गोदाम खालापूरकडे हायवेला आहे, तिथून निघालेली खोकी रोज आमच्याच दुकानात येऊन पडत होती. त्याचं कारण असं. आमच्या गावात घरांना नंबर नाहीत, आणि एकाच नावाची चार-चार माणसं आहेत. तेव्हा ज्यानं त्यानं पत्त्यात खाली लिहायचं, ‘किराणा दुकानाच्या समोर’, ‘किराणा दुकानाच्या मागे’. खोकी पोचवणारा दहिवलीचा. चाळिशी ओलांडलेला माणूस, आधी टेंपो चालवायचा. तो घरं शोधत बसत नसे. सगळी खोकी माझ्या कट्ट्यावर ठेवायचा, "वैनी, देऊन टाका," म्हणायचा आणि जायचा. अख्ख्या गावाचा पत्ता आमच्या दुकानावरून सांगतात याचा मला आजवर अभिमान होता. त्या दुपारी पहिल्यांदा राग आला. माझं गिऱ्हाईक पळवणाऱ्याला माझ्याच दारापर्यंतची वाट मीच दाखवत होते.

मग मी खोकी तपासायला लागले. उघडायची नाही, तेवढी लाज होती. उचलून वजन बघायचं, कानाशी धरून हलवायचं. मास्तरीणबाईंच्या खोक्यात चपला होत्या, ते आवाजावरून कळलं. एकाच्या खोक्यात साबण, वास लपत नव्हता. त्याला मी पुढचे पंधरा दिवस सुटे पैसे नाहीत म्हणून सांगत राहिले. हे हसण्यासारखं आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

एकच खोकं मला कळेना. मोठं, पण हलकं. हलवलं तर आवाज नाही, वास नाही. महिन्यातून एकदा यायचं, आणि यायचं आत्याच्या नावानं.

ही आत्या आमची सख्खी नव्हे, गावाची आत्या. रस्त्यापलीकडे, दुकानाच्या बरोबर समोर तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती लेक बदलापूरला दिलेली. मी दुकानात पहिल्यांदा बसले त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून तीच आली, एक काडेपेटी घेतली, आणि त्या दिवशी विक्री अशी झाली की सासूबाई म्हणाल्या, हिचा हात चांगला आहे, रोज भवानी हिच्याच हातची घ्यायची. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. तेव्हापासून आत्या रोज सकाळी यायची. काडेपेटी, नाहीतर चहाची पुडी, काहीतरी लहानसं. कधी तिला यायला उशीर झाला तर मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला "जरा थांबा" म्हणून उभं करून ठेवायचे, आणि लोक थांबायचे. तिची काडेपेटी गेल्याशिवाय माझा गल्ला उघडत नसे.

आणि तिच्याच नावाची खोकी! काडेपेटी माझ्याकडून, आणि बाकी सगळा बाजार त्या कंपनीकडून, असा हिशेब मी मनात बांधला. तिच्या पिशवीत काय असतं ते बघायला लागले. शेवटी एका सकाळी दोन बायका उभ्या असताना मी बोलून गेले, "आत्या, तुमचा माल तर आता खोक्यातून येतोय. आमच्याकडं कशाला पाय दुखवता?"

तिनं काडेपेटी घेतली आणि रस्ता ओलांडून गेली. हळू चालायची ती अलीकडे. मला वाटलं, मी वर्मावर बोट ठेवलं.

पुढचं खोकं आलं तेव्हा भर दुपार होती, दुकानात कोणी नव्हतं. हे कर्जतला गेले होते. मी खोकं आतल्या खोलीत नेलं आणि चाकूनं पट्टी कापली.

आत मोठ्या माणसांचे डायपर होते, आणि पावतीवर मागवणारी म्हणून बदलापूरच्या लेकीचं नाव. पाकिटावर पांढऱ्या केसांच्या एका बाईचं हसतं चित्र.

मी तिथंच पोत्यावर बसले. ती हळू का चालते, भजनाला यायची का थांबली, लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीत बसणारी आत्या दाराजवळ का उभी राहते, सगळं एकदम कळलं. एवढी वर्षं मी माणसांच्या पिशव्या बघत होते. तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मला माझी इतकी शरम वाटली की उठून दार लावून घेतलं.

मग मी आणखी एक चूक केली. खोकं पुन्हा बंद केलं. कंपनीच्या पट्टीवर अक्षरं छापलेली असतात. माझ्याकडे होती ती साधी खाकी पट्टी, आम्ही फुटक्या पुड्यांना लावतो ती. तीच लावली आणि संध्याकाळी खोकं आत्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तिनं पट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "ठेव," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली नाही.

मी गिऱ्हाइकांना थांबवत राहिले. त्याच्या पुढच्या दिवशीही थांबवलं. तिसऱ्या दिवशी एकजण म्हणाला, "वैनी, माझी गाडी सुटंल," तेव्हा त्याला पहिलं दूध दिलं. दुपारी यांना सगळं सांगितलं. हे कधी चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले.

"कंपनीचा माल घेतला म्हणून आत्याला बोललीस? आपली साखर कुठनं येती? तेल कुठनं येतं?"

"कर्जतच्या घाऊकवाल्या शेठकडनं."

"शेठनं धंदा बंद करून वरीस झालं. मी मोबाइलवर त्याच कंपनीकडनं मागवतो. टेंपो शेठचाच, डायवर शेठचाच, म्हणून तुला वाटलं माल पण शेठचाच. तुला सांगितलं असतं तर तू घेऊ दिला असतास का?"

मी फळ्यांवरच्या मालाकडे बघत राहिले. लहान गावांतून झालेली वाढ माझ्याच दुकानात रचून ठेवलेली होती, आणि मी चपलांची खोकी कानाशी लावत बसले होते. दुसरा कुठला दिवस असता तर यांच्याशी चार दिवस बोलले नसते. पण त्या दिवशी भांडायला तोंड नव्हतं.

तशीच उठले आणि आत्याकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं काही आठवेना.

"आत्या, चुकलं माझं," एवढं म्हणाले.

"चुकलं ते चुकलं. कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाय."

तिनं सुपातून नजर वर केली. मी जशी दूधवाल्याच्या अंगठ्याकडे बघते, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "ह्यांना बी नाय?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

"आत्या, मी दुकानात ठेवते. काळ्या पिशवीत घालून, कोणी नसताना, मी स्वतः आणून देईन. लेकीला लांबनं मागवायला नको."

"नको गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं. "तुज्याकडं मागायचं असतं तर आधीच मागितलं असतं. तुज्या दुकानात मीठ मागितलं तरी चार बायका बघतात, कोणाकडं संपलं म्हणून. तो खोकीवाला बरा. त्याला मी कोण ते ठाव नाय, आन् त्याला इचारायचं बी नाय."

मी घरी आले. तीस वर्षं तिचा हात चांगला म्हणून मी तिच्यासाठी गिऱ्हाइकं थांबवली होती. तिनं मात्र आपली लाज सांभाळायला एक अनोळखी माणूस निवडला होता, आणि तिचं बरोबर होतं.

पहिल्या बातमीला तीन महिने झाले तेव्हा यांनी पुन्हा बातमी वाचली. त्याच कंपनीचा निकाल, पुन्हा नफा, पुन्हा ऑनलाइन विक्रीत वाढ, पुन्हा लहान गावं. यावेळी मी काही विचारलं नाही. यांनीच चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढची बातमी घेतली.

त्याच आठवड्यात दहिवलीवाला आला. नेहमीची खोकी कट्ट्यावर ठेवली, पण एक मोठं, हलकं खोकं काखेतच धरून उभा राहिला.

"वैनी, मारुतीचं देऊळ कुठं आलं?"

"कोणाचं हाय?"

त्यानं खोकं फिरवून दाखवलं. नाव आत्याचं. पत्त्याच्या जागी पूर्वी ‘किराणा दुकानाच्या समोर’ असायचं. आता लिहिलं होतं, ‘मारुतीच्या देवळामागे’. आणि त्याखाली, ‘दुकानात ठेवू नये’.

देऊळ वरच्या आळीला आहे. तिथून शेताच्या कडेनं एक पायवाट आत्याच्या मागच्या दारी येते. आमच्या कट्ट्यावरून तिचं पुढचं दार वीस पावलांवर. ते मी बोटानं दाखवू शकले असते.

"सरळ वर जा," मी म्हणाले, "देवळापासनं डाव्या हाताला पायवाट हाय. मागच्या दारी जा. पुढनं नको."

"लांब पडतं का?"

"पडतं. पण तसंच जा."

तो गेला. मी फडकं घेतलं, आणि तो परत खाली येईपर्यंत रस्त्याकडे पाठ करून बरण्या पुसत राहिले.