वायरमनातलं मन

मला राग लवकर येतो. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी काम करते, तिथे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पकडीला हात लावण्याआधी मोठमोठे गडी विचारून घेतात. माझी आई अगदी उलट. ती भोळी. म्हणजे तसं आमच्या घरात सगळे धरून चालले होते, आणि सगळ्यांत पुढे मी.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, गडचिरोलीच्या बाजूला. धानाची शेती, दोन भावांचं एकत्र घर. घरातला शेवटचा शब्द मोठबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. बाबा पहिला शब्दही त्यांच्यावरच सोडून द्यायचे. आईसाठी मोठबाबा म्हणजे भासरे, आणि आमच्याकडे बाईनं भासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. त्यामुळे मोठबाबा दोन हातांवर जेवायला बसलेले असले तरी आई डोक्यावर पदर घेऊन मला म्हणायची, "तुह्या मोठबाबाले इचार, भात वाढू का?" मोठबाबाही मलाच सांगायचे, "तुह्या मायले सांग, थोडासाच." मी मध्ये नुसती उभी राहायचे. निरोप पोचवायची गरजच नसायची.

मी दहावी झाले. पुढे काय, यावर घरात चर्चा झाली नाही, कारण मोठबाबांचं आधीच ठरलेलं होतं. चंद्रपूरला आयटीआयमध्ये शिवणकाम. वर्षभर शिकायचं, मग लग्नात शिलाई मशीन द्यायची, झालं. आता सुई-दोऱ्याशी माझं जुनं वैर. एकदा बाबांच्या सदऱ्याला बटण लावताना मी तो सदरा माझ्याच फ्रॉकला शिवून टाकला होता आणि तसाच घेऊन उठले होते. उलट घरातला फ्यूज उडाला की तार मीच बसवायचे. पंखा, टॉर्च, शेजाऱ्यांचा मिक्सर, जे उघडता येईल ते मी उघडलेलं होतं. त्यातलं काही पुन्हा चालूही झालं होतं. मला वायरमनचा ट्रेड हवा होता. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "दादाले इचार." दादांना, म्हणजे मोठबाबांना विचारलं तर ते म्हणाले, "खांबावर चढशील? लोकं खालून पाह्यत राह्यतीन."

मी म्हटलं, "लोकायनं वर काऊन पाहाचं?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गोठ्यात जाऊन रडले. रागानं रडले, पण रडलेच.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायचा होता. कॉम्प्युटरवाल्यानं ट्रेडची यादी मराठीत छापून दिली होती. ती घेऊन मोठबाबा, बाबा आणि मी छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसलो. आई चहा घेऊन आली आणि पदर सावरत यादीवर वाकली. आई तिसरी शिकलेली, हे गावाला माहीत होतं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. "शि-व-ण-का-म." मग बोट खाली सरकलं. "वा-य-र-म-न." आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"तुह्या मोठबाबाले सांग," ती मला म्हणाली, "हे लय चांगलं हाये. याच्यात मन हाये."

"मन?" मोठबाबांनी मला विचारलं.

"वायर-मन. वायरीत मन लावाचं काम असन. पोरीले मन लाव, मन लाव, असं सगळेच म्हनतेत ना? अन् शिवणकामात नुसतं काम हाये. काम तं घरी बी पुरून उरते."

मोठबाबांच्या नाकात चहा गेला. "सांग तुह्या मायले, ते मन नाई होय! मॅन होय, मॅन! इंग्रजीतला माणूस!" बाबाही गडगडून हसले. मी लाजेनं लाल झाले. असली आई असल्यावर मला कोण वायरमन करणार होतं? मोठबाबांनी गमछ्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं, मन तं मन. टाक वरती. तसाबी नंबर थोडाच लागते!"

अशा रीतीनं माझ्या फॉर्मवर पहिलं नाव वायरमनचं पडलं आणि दुसरं शिवणकामाचं.

नंबर लागला. तोही पहिल्याच यादीत.

मोठबाबांचं हसू मावळलं. "मी गमतीनं म्हटलं होतं," ते म्हणाले. "हे काई चालत नाई." बाबांनी मान डोलावली. पण तोवर उशीर झाला होता. सकाळी मोबाइलवर यादी आली आणि दुपारपर्यंत आईनं बोरिंगवर पाणी भरणाऱ्यांना, राशनच्या दुकानातल्या रांगेला आणि बांधीत धानाची रोवणी करणाऱ्या बायांना सांगून टाकलं होतं, "आमच्या भासऱ्यानं पोरीले वायरमनमंदी घातलं जी! सवताच्या तोंडानं म्हनले, टाक वरती. लय मोठ्या मनाचा माणूस." सोबत ती यादी कशी वाचली, हेही सांगितलं. बाया हसल्या आणि बातमी आणखी जोरात पळाली. संध्याकाळी मोठबाबा पानठेल्यावर गेले तर लोकांनी त्यांनाच शाबासकी दिली. परत आले ते छाती पुढे काढून.

"सांग तुह्या मायले," ते मला म्हणाले, "ॲडमिशनले मी सवता जातो."

गेलेही. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा गमछा. आयटीआयच्या गेटवरच्या चौकीदारालाही त्यांनी सांगितलं की पोरीला वायरमन करायची कल्पना आपली. पुढे मी खांबावर चढायला शिकले. लोकांनी खालून पाहिलं, आणि थोड्या दिवसांत त्यांना कंटाळा आला.

गेल्या महिन्यात मी गावी गेले होते. आईचा एक सरकारी फॉर्म भरायचा होता आणि जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला लागत होता. "पेटीत पाह्य," आई म्हणाली. मार्कंड्याच्या जत्रेतून घेतलेली तिची पत्र्याची पेटी, साड्यांच्या तळाशी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात दाखला. मी घडी उलगडली. इयत्ता आठवी. प्रगती चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकांची विनंती.

मी ते दोनदा वाचलं. "आई, तू तं तिसरी ना?"

"तुहा बाप चवथी नापास," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "मले पाह्याले आले तवा माह्या बापानं तिसरी सांगतली. मंग तेच चालू राह्यलं."

इतकी वर्षं ही बाई एसटीची पाटी माझ्याकडून वाचून घेत होती. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. मग एकाएकी ती यादी आठवली.

"मंजे मॅन मंजे काय, हे तुले ठाऊक होतं?"

"एम ए एन मॅन, मॅन म्हणजे माणूस," आई एका दमात म्हणाली. वर्गात उभी राहून म्हणावं तशा सुरात.

"मंग बोलली काऊन नाई? मी लाजेनं मेली होती ना!"

"शहाणपणा दाखोला असता तं भासरे नाईच म्हनले असते," ती म्हणाली. "हासता हासता माणूस नाई म्हनाचं इसरून जाते."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. तेव्हा छपरीत मला आईची लाज वाटली होती. आता माझी वाटली.

मी फॉर्म पुढे ओढला. शिक्षणाच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. बाहेर छपरीत बाबा आणि मोठबाबा चहा पीत बसले होते. आईनं सूप बाजूला ठेवलं, दाराकडे एकदा पाहिलं.

"आठवी लिही," ती म्हणाली. मग छपरीपर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् तुह्या मोठबाबाले सांग."