बेबीनंदाला समुद्र नको होता

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला बेबीनंदा आणि तिचा नवरा वसंता यांचं नाश्त्याचं हॉटेल आहे. गल्ल्यावर वसंता, कढईपाशी बेबीनंदा. भजी तळता तळता ती येणाऱ्याच्या घरची चौकशी करते. पोरीची सोयरीक जमली का, सासऱ्याचं ऑपरेशन झालं का. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारते. तिनं कधी सुट्टी घेतल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

तिची एकुलती मुलगी आकांक्षा स्पेनमध्ये, माद्रिदला नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात तिनं आईला बोलावून घेतलं. हॉटेल बंद ठेवायला वसंता तयार नव्हता, तेव्हा बेबीनंदा एकटीच विमानात बसली. पोरीचं घर कसं आहे, शेजारपाजार कसा आहे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

पण आकांक्षानं तिला घरी नेलंच नाही. विमानतळावरून थेट रेल्वेत बसवलं आणि समुद्रकाठच्या एका लहानशा गावात आणलं. तिथं आठवडाभरासाठी खोली घेतलेली होती. पांढरी घरं, चार होड्या आणि समोर पाणी. जन्मभर कढईपुढं उभी राहिलीस, आता नुसती बसून राहा, असं ती म्हणाली.

नुसतं बसणं बेबीनंदाला पहिल्याच दिवशी जड गेलं. दुपारी सगळं गाव दारं लावून झोपी जाई. चहा मागितला तर कपभर गरम पाणी, एक पुडी आणि घोटभर गार दूध पुढं येई. बाकावरच्या म्हाताऱ्या हसून ‘ओला’ म्हणत. पहिल्यांदा तर तिनं पदर चाचपून बघितला, कुठं भिजला की काय. तो नमस्कार आहे हे कळल्यावर ती थांबून वाट बघायची, पुढं काही बोलतील म्हणून. त्या पुन्हा समुद्राकडं बघू लागत. मासे साफ करणाऱ्या एका बाईशी तिनं मराठीत बोलून पाहिलं. ती बाई तिच्या भाषेत बोलली. मग ती पुन्हा माशांकडं वळली.

तिनं वसंताला फोन लावला. गिऱ्हाईक आहे, मग करतो, म्हणून त्यानं ठेवून दिला. आपल्यावाचून हॉटेल बराबर चाललंय, हे तिला फार लागलं.

घरी जाऊ म्हटलं की आकांक्षा टाळायची. एकदा म्हणाली, रंगकाम चालू आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, घरात एका मैत्रिणीचे पाहुणे उतरलेत. एका दुपारी ती पोहून ओल्या केसांनी आली, तर बेबीनंदा बॅग भरून खाटेवर बसलेली.

“मी समुद्र पाह्यला आल्ते का? तू कुठं राहून राह्यलीस ते पाह्यला आल्ते. कोण हाये तिथं, की मला नेऊन न्हाई राह्यलीस?”

“कुणी न्हाई, आई. बघण्यासारखं काहीच न्हाई तिथं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका फ्लॅटमध्ये चार पोरी राहत होत्या. आकांक्षाच्या वाट्याला आलेली खोली मुळात सामान ठेवायची, खिडकी नसलेली. आपलं घर म्हणून तिनं पाठवलेल्या फोटोतला मोठा हॉल दुसऱ्याच कुणाच्या घरचा. तो फोटो वसंतानं गल्ल्यामागं लावला होता.

बेबीनंदाचा संताप कमी झाला नाही. खोली लहान आहे याचं तिला काही वाटलं नाही. पण खोटं बोलून आपल्याला पाण्याकाठी बसवून ठेवलं, हे तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी माद्रिदला गेल्या.

खोलीत पलंगच तेवढा मावत होता. कपडे दारामागं टांगलेले. बेबीनंदा बराच वेळ पलंगावर बसली. मग उठून तिनं सामायिक ओट्यावर पिठलं टाकलं. फोडणीच्या वासानं एक पोरगी नाक मुरडून निघून गेली, बाकीच्या दोघी ताट घेऊन बसल्या. खाताना त्यांच्या घरी कोण कोण असतं, हे बेबीनंदानं आकांक्षाकरवी त्यांना विचारून घेतलं. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं होतं.

वडीगोद्रीत आल्यावर ज्यानं त्यानं समुद्राचंच विचारलं. तिनं “होता मोठा” एवढंच सांगितलं. वसंताला मात्र खरं सांगितलं आणि भिंतीवरचा फोटो काढायला लावला. पोरीवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण सकाळची गर्दी ओसरली की ती व्हिडिओ कॉल लावते आणि आधी म्हणते, “खोली दाखव.” आकांक्षा वैतागून फोन फिरवते. बेबीनंदा चारही भिंती नीट बघून घेते, मगच बोलायला लागते.