पडून आहे, बंद नाही

"माणूस पडून आहे, बंद नाही," असे म्हणत बाई खाटेवरच्या रोग्याच्या छातीवर तळहात टेकवायच्या. रोह्याहून एसटीने पेणच्या एका खासगी दवाखान्यात येणाऱ्या या आहारतज्ज्ञ बाईंना पाहून तुम्हीही पहिल्या दिवशी बिचकला असता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे वडील धरमतरकडच्या मिठागरात बांधावरून घसरले आणि त्यांची नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून त्यांना याच दवाखान्यात ठेवले. आमच्याकडे पडलेल्या माणसाला पेजच देतात. आत्या तीन वेळा वाटीभर पेज पाजी. वडील वाळत चालले. पडून पडून पाठीला जखम झाली, ती भरेना.

बाईंनी वाटीत डोकावून पाहिले. "हे जेवण?"

"पडल्या मानसाला भात जिरंल का गो बाय? काम नाय, धंदा नाय," आत्या म्हणाली.

"त्यांचं काळीज रजेवर गेलंय का? श्वास, रक्त, अंगाची ऊब, सगळं चालूच आहे. त्यालाही अन्न लागतं."

किती अन्न लागते, ते बाई वजन, उंची आणि वय घेऊन काढत. वडिलांना उभे राहता येईना, म्हणून शेजारच्या वखारीतून तांदूळ तोलायचा काटा आणवला. वडील खुर्चीसकट त्यावर बसले. "मला इकताव काय रं?" ते कुरकुरले. बाईंनी खुर्ची वजा केली.

मी विचारले, "आणि प्लॅस्टर?"

त्या थबकल्या, मग खळखळून हसल्या. "बरोबर! प्लॅस्टरला भूक नसते."

कंपाउंडरला विचारून तेही वजा केले. उरले सेहेचाळीस किलो. "नुसतं पडून राहायला साधारण हजार ऐंशी कॅलरी. जखम भरायला आणखी वर. पेजेतून जेमतेम तीनशे मिळतात. बाकीचं शरीर स्वतःलाच खातंय."

दवाखान्याचे मालक असलेले डॉक्टर तापले. "पेज मी सांगितली आहे."

"हाड तुम्ही बघा, पोट मी बघते," म्हणत बाईंनी त्यांच्यादेखत वडिलांपुढे मऊ भात, डाळ आणि अंडे ठेवले. वडिलांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिले आणि पहिला घास घेतला.

महिनाअखेरीस बाईंना 'आता गरज नाही' असे सांगण्यात आले. जखम तोवर भरत आली होती. ते सांगायला मी एसटी स्टँडवर धावलो, तर रोह्याची गाडी सुटलेली. खिडकीतून त्या ओरडल्या, "वजन किती?"

"अठ्ठेचाळीस!"

"पुरे नाही!"

गाडी वळेपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर होता. पाच बोटे ताठ पसरलेली. पन्नास.