चारशे मीटरपलीकडे

रंगनाथ बोडखे मूळचा पारनेरचा. चोवीस वर्षं फौजेत आर्मरर होता, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारा. नायब सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत दोह्याला आला. इंडस्ट्रियल एरियात मजीद साहेबांच्या शिकारी सामानाच्या दुकानाचं वर्कशॉप होतं, तिथे त्याला काम मिळालं. हिवाळ्यात परदेशी शिकारीला जाणाऱ्या कतारी गिऱ्हाइकांच्या रायफली तो साफ करायचा, दुर्बिणी बसवायचा, रेंजवर नेऊन नेम जुळवून द्यायचा. त्याने जुळवलेला नेम कुणी पुन्हा तपासत नसे. बायको शैलजा आणि नववीतली ईश्वरी त्याच्याबरोबर अल सद्दच्या फ्लॅटमध्ये राहत.

२०१९च्या उन्हाळ्यात मॅनेजर संजीवने त्याच्यासमोर काडतुसांचे दोन खोके ठेवले. एकात आतून शिसं आणि वरून तांब्याचं पातळ कवच असलेल्या गोळ्या होत्या. दुसऱ्यातल्या गोळ्या अखंड तांब्याच्या, नव्या. कतारमधल्या फुटबॉल वर्ल्डकपला तीन वर्षं उरली होती. दोह्याशेजारच्या लुसैलमध्ये एका टॉवरच्या तळमजल्यावर मजीद साहेबांची शोरूम उघडायची होती आणि तांब्याची गोळी तिथला मुख्य माल होणार होती.

"दोन्ही तपासा. लांबून मोठं जनावर पाडायला कोणती चांगली, ते लिहून द्या," संजीव म्हणाला.

रंगनाथला असं काम आवडायचं. रद्दीचे गठ्ठे रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि पहाटे उन्हाआधी रेंजवर मांडायचे. ओली रद्दी मांसासारखी गोळी झेलते. रेंज लहान होती, म्हणून त्याने काही काडतुसांत दारू कमी भरली. म्हणजे सातशे मीटर जाऊन गोळीचा वेग जेवढा उरतो, तेवढाच जवळून मिळाला. मग गठ्ठे फाडून एकेक गोळी काढायची, तोलायची, मापायची.

शिशाच्या गोळीचे जवळच्या अंतरावर फुटून तुकडे व्हायचे, पण लांबवर ती छान उमलायची. तांब्याची गोळी जवळून फुलासारखी उघडायची आणि वजनही गमवायची नाही. चारशे मीटरच्या पुढे मात्र तिचा वेग उतरला की ती उघडतच नव्हती. सुताराने गिरमिट फिरवावं तसं सरळ भोक पाडून पलीकडे जायची. रंगनाथने अंतरांचा सहा ओळींचा तक्ता केला आणि खाली लिहिलं, 'चारशे मीटरपलीकडे या गोळीने जनावरावर बार टाकू नये.'

सप्टेंबरात शोरूम उघडली आणि माहितीपत्रक छापून आलं. तक्त्यात चारच ओळी होत्या, खालची सूचनाही नव्हती. वर मोठ्या अक्षरात 'जवळ असो वा लांब, एकच गोळी' आणि कोपऱ्यात रंगनाथचा फोटो. फोटोखाली 'चाचणी: भारतीय सैन्यातील तज्ज्ञ'.

तो ते घेऊन संजीवकडे गेला. "खालच्या दोन ओळी कुठे गेल्या?"

"जागा नव्हती. छापलंय त्यात एक अक्षर तरी खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण..."

"मग खलास. सुभेदार साहेब, सातशे मीटरवरून कोण मारतंय इथे? फोटोपुरती हौस असते लोकांना."

रंगनाथ परत येऊन बाकावर बसला. व्हिसा दुकानाचा, घर दुकानाचं, ईश्वरीची शाळा त्यावर चाललेली. त्याने पुढची रायफल साफ करायला घेतली. माहितीपत्रक घरी नेलं नाही.

ऑक्टोबरात जाबेर नावाचं तरुण गिऱ्हाईक किर्गिझस्तानला आयबेक्सच्या शिकारीला निघालं. आयबेक्स म्हणजे लांब वाकड्या शिंगांचा डोंगरी बोकड. रायफल सांभाळायला जाबेरने रंगनाथला दुकानाकडून मागून घेतलं. मुलगा सालस होता. स्वतःची बॅग स्वतः उचलायचा, रंगनाथला 'अंकल' म्हणायचा. काडतुसं त्याने लुसैलच्या शोरूममधून घेतली होती.

चौथ्या दिवशी दरीपलीकडच्या कड्यावर एक म्हातारा बोकड दिसला. अंतर मोजलं, सहाशे ऐंशी मीटर. वाटाड्या म्हणाला, यापेक्षा जवळ जाता येणार नाही. जाबेर दगडावर आडवा झाला. चापावर बोट नेण्याआधी त्याने मान वळवली.

"अंकल, होईल ना या गोळीने?"

'नाही' हे उत्तर रंगनाथच्या तोंडात तयार होतं. वारा पडला होता, बोकड आडवा उभा होता, मुलाचा चेहरा उजळला होता. "इन्शाल्ला," तो म्हणाला.

बार लागला. दुर्बिणीतून दिसलं, बोकड दचकला, पाठ वाकवली आणि चालू लागला. पळाला नाही. चालत चालत कड्याआड गेला.

ते पलीकडे पोहोचले तेव्हा उन्हं उतरत होती. खडकावर रक्ताचे बोटाएवढे ठिपके, मध्ये वीस-वीस पावलांचं अंतर. मग तेही संपले. अंधार पडला म्हणून वाटाड्याने परत फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोकड एका कपारीत सापडला. पुढचे पाय दुमडून बसला होता. जिवंत होता. माणसं पाहून उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. जाबेरने जवळून दुसरी गोळी घातली आणि पाठ फिरवून उभा राहिला.

सोलताना रंगनाथने पाहिलं. पहिली गोळी फुप्फुसाच्या मागच्या कडेतून गेली होती. आत जातानाचं भोक आणि बाहेर पडतानाचं भोक सारखंच, करंगळी जाईल एवढं.

"माझा हात हलला," जाबेर म्हणाला. "मागे लागली. एवढ्या लांबून मारायची माझी लायकीच नव्हती."

बिश्केकपर्यंत, विमानात, दोह्याला उतरेपर्यंत तो हेच बोलत होता आणि रंगनाथ ऐकत होता.

घरी ईश्वरीने विचारलं, "बाबा, डिड इट डाय फास्ट?"

"नाही गं. एक रात्र गेली."

"बट व्हाय?"

तो उठून बाल्कनीत गेला. शैलजा मागोमाग आली. "अहो, झालंय काय तुम्हाला? आल्यापासून जेवण नाही धड." मग त्याने तिला सगळं सांगितलं, खालच्या दोन ओळींसकट.

"त्या पोराला माहीत आहे का?" तिने विचारलं. मग म्हणाली, "इथून जावं लागलं तर जाऊ. ईश्वरीचं बघू काहीतरी."

तरी दोन महिने गेले. जाबेरने रायफल विकायला काढली हे कानावर आलं, तेव्हा रंगनाथने मूळ तक्ता खिशात घातला आणि त्याच्या घरी, मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत गेला. कॉफी पुढे आली. त्याने कप हातात घेतला नाही.

"तुझा बार थोडा मागे लागला होता, हे खरं," तो म्हणाला. "पण गोळी उघडली असती तर बोकड तिथेच पडला असता. ती उघडणार नाही हे मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं."

जाबेरने तक्ता वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, अंकल."

"हो."

"दोन महिने मी स्वतःला शिव्या देतोय."

रंगनाथ उठला. जाबेर दारापर्यंत सोडायला आला, पण हात पुढे केला नाही.

जाबेरने तो तक्ता मजीद साहेबांना दाखवला. माहितीपत्रकं शोरूममधून उचलली गेली, नवी सहा ओळींची छापली. रंगनाथला मात्र वर्कशॉपमधून काढून गोदामात टाकलं, तंबू आणि लाइफ जॅकेटांच्या मालावर. दुसरीकडे नोकरी धरायला दुकानाचा ना-हरकत दाखला लागायचा, तो संजीवने दिला नाही. कोरोनाच्या साथीचे दिवस आले, इंडस्ट्रियल एरियाचा बराचसा भाग बंद झाला, ऑनलाइन शाळेमुळे ईश्वरी दिवसभर खोलीत. शैलजा बॅगा भरायची आणि पुन्हा उपसायची.

सप्टेंबर २०२०मध्ये दाखल्याची अट उठली. रंगनाथने स्टेडियमच्या सुरक्षेचं काम घेतलेल्या एका कंपनीत अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, आधीची जागा का सोडताय? त्याने खरं कारण सांगितलं. समोरचा माणूस लिहीत राहिला. आठवड्याने बोलावणं आलं, बॅगा तपासणाऱ्या मुलांना एक्स-रेच्या पडद्यावर काय दिसतं ते शिकवायचं.

पहिल्या दिवशी त्याच्यासमोर तीस पोरं बसली होती, नेपाळी, केनियन, दोन मालेगावची. एकाने हात वर केला. "सर, पडद्यावर नीट कळलंच नाही तर?"

"तर तसं म्हणायचं, कळलं नाही," रंगनाथ म्हणाला. "लाइन थांबली तरी चालेल." त्याचा आवाज जरा चढला होता. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्याने मशीन चालू केलं.